वेंडल स्कोगचा गुन्हा, सर्वानुमते मंजूर

यंदाच्या वसंतात आमच्या सेंट ऑस्विन कॉलेजची अब्रू चहूबाजूंनी गेली. टेनिसवाल्यांनी सबंध मोसमात एक सामना जिंकला, तोही समोरच्या मुलाचा पाय मुरगळला म्हणून. रिले शर्यतीत आमच्या पोरांच्या हातून दांडकं पडलं आणि ते उचलायला दोघं एकदम वाकले, त्यात एकाचा दात गेला. बेसबॉलच्या मुलांबद्दल मी बोलत नाही, कारण त्यांच्यात माझा भाचा आहे. उरला मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ. आमच्या टोर्व्हा गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जीव याच संघात अडकलेला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत या संघाने पाच सामने जिंकले होते आणि एकोणतीस हरले होते.

मी मार्लिस क्वाम. मैदानाच्या दारातल्या टपरीत कॉफी आणि मक्याच्या लाह्या विकते, त्यामुळे कोण किती वेळा आलं आणि कोण तोंड लपवून लवकर गेलं हे मला ठाऊक असतं. तोंड न लपवणारा माणूस एकच, वेंडल स्कोग.

वेंडल बहात्तर वर्षांचा आहे. चौतीस वर्षं त्याने आमच्या आसपासच्या शेतवस्त्यांवर टपाल वाटलं. दुपारी दोनला काम संपायचं आणि घरी जायच्या वाटेवर मैदान लागायचं. एकदा सहज थांबला, तो सव्वीस वर्षं थांबलेलाच आहे. स्वतः कधी बॅट हातात धरली नाही. लग्न केलं नाही. एकीला विचारायचं त्याने ठरवलं, पण शब्द जुळवेपर्यंत तिचं दुसऱ्याशी लग्न होऊन दोन पोरं झाली. आम्हा मिनेसोटाच्या लोकांना मनातलं बोलायचं म्हणजे दाढ काढून घेण्यासारखं वाटतं, पण वेंडल त्यातही पहिल्या नंबरचा. घसा खाकरेल, टोपी नीट करेल, हवामानाबद्दल बोलेल आणि घरी जाईल.

खेळाबद्दल मात्र त्याची जीभ सुटते. आम्ही परगावी चौदा-शून्य हरलो तरी परतताना पिकअप चालवत मला सांगणार, "पण तिसऱ्या डावात त्यांची पिचर कशी घामाघूम झाली होती, बघितलंस ना?"

"ऊन होतं, वेंडल."

"उन्हाने असा घाम येत नाही. घाबरली होती ती."

मैदानाची मातीही तोच राखायचा. दर सामन्याआधी दाताळ्याने ती सारखी करायची आणि चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारायच्या. कॉलेजने त्याला हे काम दिलं नव्हतं. कोणी नको म्हटलं नाही, म्हणून ते त्याचं झालं.

आता यंदाची गोष्ट. कोच कॅली ड्रेश नवीन होती. वय एकोणतीस, डाकोटाकडची, बोलायला फटकळ, त्यामुळे मला पहिल्या दिवशीच आवडली. कॉलेजने तिला एकाच वर्षाच्या करारावर आणलं होतं. मार्चच्या सुरुवातीला ती आमच्या पाठीराखे मंडळाच्या न्याहारीच्या सभेत आली आणि म्हणाली, "मुली दोन महिने जिमच्या लाकडी फरशीवर चेंडू अडवतायत. पहिल्या सामन्याआधी चार दिवस जरी खऱ्या मातीवर सराव मिळाला ना, तर आमचा संघ वेगळा दिसेल."

बाहेर गुडघाभर बर्फ होता. सगळ्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या आणि पॅनकेक खाल्ले. खेळाच्या मातीवरचा बर्फ आपोआप वितळू द्यायचा, त्याला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. वेंडलला तर कळतंच. पण त्या मुलीचं बोलणं त्याच्या काळजाला लागलं.

त्यानंतरच्या रविवारी तो चर्चला आला नाही. खोकला झालाय, असा निरोप आला.

महिनाअखेरीस बर्फ गेला, तेव्हा मैदानात दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध मोठा खड्डा निघाला. वरची चांगली लाल माती गायब आणि खाली नुसता चिखल. आठवड्याभरात त्यात घोट्याएवढं पाणी साठलं, मग रानबदकांची एक जोडी येऊन राहिली. गावच्या पेपरात त्या बदकांचा फोटो आला. खाली छापलं होतं की यंदा आमच्या मैदानावर आलेला हा पहिलाच पाहुणा संघ. गावभर हशा पिकला. वेंडल हसला नाही. मला वाटलं, संघाची थट्टा त्याला सोसत नाही.

ओळीने दहा घरचे सामने आम्हाला दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळावे लागले. मुलींनी घरच्या सामन्याचे पांढरे कपडे घालायचे, घरच्या संघासारखी बॅटिंग शेवटी करायची, आणि पाय मात्र परक्या मातीवर. दहाच्या दहा हरलो.

मग खापर फोडायला डोकं शोधणं आलं. मार्चमध्ये कोच ड्रेश बूट घालून मैदानाच्या कडेने फिरताना कोणालातरी दिसली होती. तेवढं पुरलं. तिने अर्धवट गोठलेल्या मातीवर मुलींना पळवलं आणि मैदानाची वाट लावली, असं लोक बोलायला लागले. क्रीडा विभागाचे प्रमुख लाइल हॅगमन यांनी तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, मी नाही. तिला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही याचा निर्णय एक मेपर्यंत होणार, आणि तो काय होणार हे सगळ्या गावाने आपापल्या स्वयंपाकघरात ठरवून टाकलं होतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अशाच एका परक्या मैदानावरून हरून आम्ही परत येत होतो. मी लोणी-साखर लावून लेफ्से नेल्या होत्या. बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या वेंडल एरवी चार खातो. त्या दिवशी त्याने एक हातात धरली आणि पाच मैल तशीच धरून ठेवली.

"मार्लिस," तो म्हणाला, "त्या रविवारी मला खोकला नव्हता."

"कुठल्या रविवारी?"

मग सगळं बाहेर आलं. गाव चर्चमध्ये असताना हा घरचं बर्फ फेकायचं यंत्र घेऊन मैदानावर गेला. मुलींना चार दिवस माती मिळावी, कोचला आश्चर्याचा धक्का द्यावा, एवढंच मनात होतं. यंत्राचं पातं त्याच्या अंगणातल्या सिमेंटसाठी अगदी खाली बसवलेलं. ते वर करायचं तो विसरला. बर्फाबरोबर त्याखाली मऊ राहिलेली मातीही कुंपणापलीकडच्या ओढ्यात उडत होती.

"तुला दिसलं नाही?"

"बर्फ तपकिरी दिसत होता. मला वाटलं, जुना असेल."

"वेंडल स्कोग, तू गाढव आहेस!"

"हो." तो म्हणाला, "कोचला काढतील का गं?"

"काढतीलच. आणि तू गप्प बसलास तर तुझ्यामुळे काढतील. तोंड उघड की! शब्दच तर बोलायचेत!"

"मग मला मैदानावर पाय ठेवू देणार नाहीत."

तो हे इतक्या हळू म्हणाला की माझा राग निम्मा विरघळला. निम्मा ठेवला, कारण त्या मुलीची नोकरी जात होती. "गुरुवारी सभा आहे," मी म्हटलं. "हॅगमन येणार, कोच येणार. तिथे तू बोलला नाहीस तर मी बोलेन. मी बोलले तर कसं बोलेन, ते तुला माहीत आहे."

पाठीराखे मंडळाची सभा चर्चच्या तळघरात सकाळी साडेसहाला भरते. एकोणीस वर्षं वेंडल मंडळाचा सचिव आहे. अध्यक्ष गॉर्डी नेस, ट्रॅक्टरच्या दुकानाचा मालक, खाताना कोणाकडे बघत नाही. मी तव्यापाशी उभी होते. कोच ड्रेश एका टोकाला, हॅगमन दुसऱ्या टोकाला. वेंडलने टोपी काढली, घातली, परत काढली. घसा खाकरला. मला वाटलं, आता हवामान.

पण त्याने वही उघडली आणि मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला लागला. आवाज नेहमीसारखाच, टपालाचे पत्ते वाचावेत तसा.

"मागच्या सभेला चौदा सभासद हजर होते. कॉफीचं नवं भांडं घ्यायचं ठरलं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी, चर्चच्या वेळात, सचिवाने कोणालाही न विचारता सॉफ्टबॉलच्या मैदानावरचा बर्फ यंत्राने काढला. पातं खाली राहिल्याने माती ओढ्यात गेली. कोच ड्रेश यांचा यात काहीही दोष नाही. सभा पावणेआठला संपली."

गॉर्डीने पाकाची बाटली उचलली. "इतिवृत्त मंजूर करायचं?"

"मी मांडतो," कोणीतरी म्हणालं.

"अनुमोदन."

"विरोध कोणाचा? नाही. मंजूर. पुढचा विषय."

देवाशपथ सांगते, एकोणीस वर्षांत वेंडलचं इतिवृत्त कोणी ऐकलेलं नाही आणि त्या दिवशीही ऐकलं नाही. माणसाने आयुष्यात पहिल्यांदा मनातलं सांगितलं, आणि या लोकांनी ते खाता खाता पास करून टाकलं! वेंडल वही मिटून खाली बसायला लागला. त्याच्या तोंडावर सुटल्याचा आनंद पसरत होता. मी तव्यावर उलथणं आपटलं.

"काय मंजूर केलंत ते कळलं का कोणाला?"

"भांडं," गॉर्डी म्हणाला. "कॉफीचं."

"ऐकलं मी," कोच ड्रेश म्हणाली. ती उठून उभी राहिली होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मिस्टर स्कोग, सचिव म्हणजे कोण?"

वेंडल अर्धवट बसलेला, अर्धवट उठलेला. "मी," तो म्हणाला. "मी केलं ते. तुम्हाला माती हवी होती म्हणून केलं. मग सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही. सहा आठवडे सांगितलं नाही. मला लाज वाटते."

तळघरात पॅनकेक जळल्याचा वास आला, पण कोणी हललं नाही.

हॅगमन यांनी सावकाश तोंड पुसलं. "म्हणजे घरचे दहा पराभव तुमच्यामुळे असं धरू. उरलेले एकोणीस?"

"ते आम्ही स्वतःच्या हिमतीवर हरलो," वेंडल म्हणाला.

हसायचं की नाही ते कोणाला कळेना. कोच हसली नाही. "महिनाभर मी त्या मुलींना सांगतेय की माझंच काहीतरी चुकलं असणार," ती म्हणाली. "रात्री झोप लागत नव्हती मला." ती खाली बसली, लगेच पुन्हा उठली. "शनिवारी शेवटचे दोन सामने आहेत. माझ्या तीन मुली यंदा कॉलेज संपवून जातायत आणि त्यांना घरच्या मैदानावर या वर्षी एकदाही खेळायला मिळालेलं नाही. माती कुठे मिळते इथे?"

"माझ्या मेव्हण्याची खाण आहे," गॉर्डी म्हणाला. त्या सकाळी त्याने पहिल्यांदाच ताटातून मान वर केली होती.

हॅगमन यांनी तिथल्या तिथे एक निर्णय दिला. वेंडलने वर्षभर मैदानात पाय ठेवायचा नाही. कोचचं काय, ते मात्र सांगितलं नाही.

गुरुवारी पंपाने पाणी काढलं. बदकं रागावून ओढ्याकडे गेली. शुक्रवारी मातीचे सात ट्रक आले आणि अर्धं गाव फावडी घेऊन उतरलं, मुलीसुद्धा. वेंडल कुंपणाबाहेर उभा राहून दिवसभर हातगाड्या भरत होता. दारापर्यंत ढकलायचा आणि थांबायचा. पलीकडून कोणीतरी ओढून न्यायचं. गॉर्डीने वरून रूळ फिरवला. तो कसा फिरवला ते बघून वेंडलचा जीव खालीवर होत होता, पण आता त्याला बोलायचा हक्क नव्हता.

शनिवारी थंडी होती, ऊनही होतं. माझ्या लाह्या बाराच्या आत संपल्या. पहिला सामना आम्ही अकरा-दोन हरलो. दुसरा सातव्या म्हणजे शेवटच्या डावात दोन-दोन असा बरोबरीत आला. आमची एक मुलगी तिसऱ्या बेसवर, ती घरी, म्हणजे होम बेसवर, पोचली की सामना आमचा. बॅटिंगला मायरा क्विस्ट, त्या तिघींतली एक. तिने जीव खाऊन बॅट फिरवली आणि चेंडू गेला सरपटत, रडतखडत, थेट समोरच्या संघाच्या मुलीच्या दिशेने. माझ्या तोंडून नको ते निघालं. तेवढ्यात तो चेंडू गॉर्डीच्या रुळातून सुटलेल्या ढेकळावर आदळला आणि उडून तिच्या खांद्यावरून गेला. तिसऱ्या बेसवरची मुलगी धावत घरी आली. आम्ही जिंकलो. सहावा विजय, तीस पराभव, आणि मुली अशा नाचत होत्या की जणू देश जिंकलाय.

हॅगमन माझ्या टपरीपाशी दुसरा कप पीत उभे होते. त्यांनी कप ठेवला, आत गेले आणि कोचला बाजूला घेतलं. लांब होते, काही ऐकू येईना. ते बोलत होते, ती जमिनीकडे बघत होती. मी टपरी सोडून कुंपणाशी वेंडलजवळ गेले. त्याने जाळी दोन्ही हातांनी धरली होती.

"मान हलवली तिने," तो म्हणाला. "हो म्हणून की नाही म्हणून?"

"मला काय माहीत!"

हॅगमन पार्किंगकडे निघून गेले. कोच ड्रेश मैदान ओलांडून सरळ आमच्याकडे आली. गुडघ्यापर्यंत माती, डोळे लाल. वेंडलने टोपी काढली.

"मिस्टर स्कोग, मी अजून चिडलेली आहे तुमच्यावर."

"असणारच," वेंडल म्हणाला.

"सहजासहजी जाणारा राग नाही हा. पुढच्या वसंतापर्यंत तरी राहील." आणि वळून ती मुलींच्या घोळक्यात गेली.

वेंडल तिच्या पाठीकडे बघत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पुसतही नव्हता. त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं झालं होतं.

"ऐकलंस, मार्लिस?" तो म्हणाला. "पुढच्या वसंतापर्यंत!"