डावा भांग, उजवा भांग

सासरच्यांनी मला बैलाच्या दाव्याने खांबाला बांधलं, त्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

लग्नानंतरच्या पहिल्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या दिवसांत, बायको माहेरी, आमगावजवळच्या खेड्यात गेली होती. न्यायला गेलो, तर सासरे म्हणाले, "धान चुरून होऊ द्या जी, जावईबापू. मंग न्या." आणि मलाच खळ्यावर मळणीच्या बैलांमागे लावलं! आठ दिवस गोल फिरून मला बसल्या जागी भोवळ यायला लागली. बायको दिसायची ती फक्त लांबून.

मंडईत तंबूचा सिनेमा आला. मधोमध पडदा, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका, अशी तेव्हाची पद्धत. सासरे आले नाहीत (बैल कोण राखणार!). सिनेमात एकाच माणसाच्या अंगात दोन माणसं. भांग डावीकडे असला की गरीब कारकून, कुणीही कामाला जुंपावं. उजवीकडे गेला की पक्का गुंड! एका बुक्कीत तिघे हौदात! हसता हसता मला युक्ती सुचली. परतताना बैलबंडीत सासूबाई माझ्या डोक्याकडे टक लावून पाहत होत्या. मी मनात खूश झालो.

सकाळी तेल थापून उजवीकडे भांग पाडला आणि खळ्यावर जाऊन लाथेने टोपली उडवली.

"आत्ताच्या आत्ता माझी बायको पाठवा! नाहीतर एकेकाला हौदात बुडवीन!" (हौद नव्हता. सिनेमात होता.)

सासरे दचकले. सासूबाई मात्र हसल्या.

"भेऊ नोका जी. हा गरीबवाला हाय. चिल्लावू द्या, काम सांगा."

त्या दिवशी दुप्पट धान चुरलं! संध्याकाळी हार मानली, आंघोळ केली, रोजच्यासारखा डावीकडे भांग पाडला आणि चुलीपाशी जाऊन सासूबाईंना नरमाईने म्हणालो, "मामीजी, थोडा चहा मिळेल का?"

"आवो माय वो! गुंड आला!" सासूबाईंच्या हातचं पातेलं सुटलं. "दावं आना जी!"

"अहो, पण मी केलं काय?"

"गोड बोलून राहिला! सिनेमात बी मारायच्या आंदी असाच गोड बोले!"

बायकांनी सिनेमा पडद्यामागून पाहिला होता. आमचं डावं ते त्यांचं उजवं, हे मला खांबाला बांधल्यावर उमगलं!

"अशा मानसासंगं पोरगी धाडू कायले?" सासरे गरजले.

तेवढ्यात बायको कंगवा घेऊन आली. माझा भांग उजवीकडे फिरवला. "आता सोडा, बाबा. मी नेतो याले. भांग रोज मीच पाडीन."

तो तिने पुढे चाळीस वर्षं पाडला. आता टक्कल पडलंय. परवा मी दाराकडे पाठ करून बसलो होतो. शेजारीण विचारत होती, "मालक हायेत का वो घरी?"

"केसासंगं दोघंबी गेले, माय," बायको म्हणाली. "उरलं ते तुमाले दिसूनच राहिलं."