आचाऱ्याचा मुलगा जेवत नाही

मी गाव सोडलं त्या सकाळी अण्णा एका लग्नाच्या भट्टीवरून थेट फाट्यावर आले होते. अंगाला धुराचा वास, नखांत हळद, खांद्यावर ओला पंचा. अण्णा म्हणजे माझे वडील, आमच्या धाराशिवकडच्या दहा-बारा गावांचे आचारी. एसटी आली तशी त्यांनी बुंदीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीचा गज धरून म्हणाले, "पोटाला लाजू नको. कुनी ताट दिलं तर न्हाई म्हनू नको. ताटाला न्हाई म्हननारा मानूस कुनाचाच ऱ्हात न्हाई." नोकरीबद्दल एक शब्द नाही, पुण्याबद्दल नाही. मला हसू आलं. डिप्लोमा झालेला, चाकणच्या कंपनीत ट्रेनी म्हणून निवड झालेली, आणि वडील सांगतायत काय, तर जेव.

हे मी गावाकडच्या मंडळींसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे जे भोसरी-चाकणला येऊन पडलेत त्यांच्यासाठीही. माझ्याबद्दल जे बोललं जातं ते सगळं फिरून माझ्या कानावर येतं. आचाऱ्याचा मुलगा पंगतीला बसत नाही. पुण्याचं पाणी लागलं. आपल्या ताटाची आता किळस येते त्याला. तर एकदाचं सांगून टाकतो.

पहिली दोन वर्षं मी अण्णांचा शब्द तंतोतंत पाळला. भोसरीत एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. मेसचा डबा, कंपनीच्या कॅन्टीनमधलं जेवण, रूममेट गणेशच्या रत्नागिरीहून आलेलं कुळथाचं पीठ, टपरीवरचा वडापाव, समोर येईल ते खाल्लं. दगड पचवायचं वय होतं.

मग एका दुपारी कॅन्टीनमधून लाइनवर परत येताना तळहात खाजायला लागले. कानाच्या पाळ्या तापल्या, अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि घशात कुणी बोळा कोंबावा तसं झालं. गणेश त्याच कंपनीत, शेजारच्या लाइनवर होता. तो धावत आला, मला बघितलं आणि म्हणाला की हे पित्त आहे, आमसूल चोळलं की उतरेल. कोकणातल्या माणसाला आमसुलाबाहेर औषध सुचत नाही. तोवर मी खाली पडलो होतो. कंपनीच्या ॲम्ब्युलन्समधून मला हॉस्पिटलात नेलं.

दीड महिन्याने पुन्हा तेच झालं, दहीभातावर. नंतर उपम्यावर. नंतर एका साध्या केळ्यावर, जे मी आदल्या दिवशीही खाल्लं होतं. दोन्ही हातांवर सुया टोचून तपासण्या झाल्या, रक्त दिलं, चार महिने वहीत घासन् घास लिहिला. काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं की कधीकधी कारण सापडतच नाही, पण हे पुन्हा होऊ शकतं. त्यांनी मला इंजेक्शन स्वतःच्या मांडीत टोचायला शिकवलं, ते कायम जवळ ठेवायला सांगितलं आणि एकटं जेवू नका म्हणाल्या.

आता माझी नोकरी क्वालिटी डिपार्टमेंटची. आमच्याकडे पार्ट खराब निघाला की पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण लिहावं लागतं. त्याशिवाय तक्रार बंद होत नाही. मी माझ्या आजाराचाही तो फॉरमॅट भरून पाहिला. दुसऱ्या 'का'च्या पुढे गाडी सरकेना. आणि कारण सापडलं नाही की आमच्याकडे काय करतात ते चाकणच्या कुणालाही विचारा. 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहितात आणि कागद पुढे सरकवतात. मीही लिहिलेलं आहे. त्या ऑपरेटरच्या घरी त्या दिवशी काय झालं असेल याचा विचार मी कधी केला नव्हता.

तो करायची वेळ माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात आली. भट्टी अण्णांची होती. तुमच्यातले निम्मे लोक त्या पंगतीत होते. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी, लहानपणापासून मी जे खात आलो तेच ताटात होतं. भाताची दुसरी वाढ घेतली आणि तळहात खाजले. इंजेक्शन बॅगेत, बॅग घरी, आणि घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. डिप्लोमा केलेला मी एवढा हुशार, आणि चूक केली ती अशी. तालुक्याला पोचायला पाऊण तास लागला. जीपमध्ये अण्णांच्या मांडीवर माझं डोकं होतं, आणि ते मला हाका मारत होते एवढंच आठवतं.

मी वाचलो. पण सगळ्या गावात एकच वाक्य फिरलं, आचाऱ्याच्या पोरालाच आचाऱ्याचं जेवण बाधलं. बाकी पाचशे माणसं जेवून ढेकर देऊन गेली, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पुढची दोन लग्नं दुसऱ्या आचाऱ्याकडे गेली. तिसऱ्याला अण्णांनी स्वतःच नाही म्हटलं आणि झारा, कढया माळ्यावर टाकल्या. मी पुण्याला निघायच्या आधी त्यांनी मला गोठ्याकडे बोलावून विचारलं, "माज्या हातानं काय चुकलं का रं?"

मी नाही म्हटलं. मग कशानं झालं, असं त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेंगदाण्याने झालं, वांग्याने झालं, असं काहीही हातात असतं तर ते मी त्यांच्यापुढे ठेवलं असतं आणि माणूस सुटला असता. कारण नव्हतं म्हणून अण्णा अडकले. माझ्यापेक्षा जास्त अडकले.

त्यानंतर मी थेरगावला खोली घेतली. मालक गॅलरीचं कौतुक सांगत होते आणि मी विचारत होतो की हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे. दहा मिनिटं म्हणाले, मी लगेच हो म्हटलं. तांदूळ, मूगडाळ आणि मीठ, एवढ्याची खिचडी मला कधी बाधली नव्हती, म्हणून दोन्ही वेळा तीच. दार सताड उघडं ठेवून जेवायचं, म्हणजे काही झालं तर समोरच्या काकूंना दिसेल. नवीन काही खाऊन बघायचं तर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीवर बसून. तिथला वॉचमन एकदा म्हणाला, "कोन ॲडमिट हाय राव तुमचं? दर गुरुवारी दिसता." मी म्हटलं, अजून कुणी नाही.

हसू येतं ना? मलाही येतं. पण त्या गाडीवर बसून अर्धी पोळी चावताना छातीत जे धडधडतं ते कुणाला सांगता येत नाही. भूक लागली की भीती वाटते. गणेशचं लग्न झालं, त्याच्या पूजेला मी प्रसादही घेतला नाही. मुलगी बघायला तळेगावला गेलो, तिथे पोह्यांना हात लावला नाही, तर त्यांनी मुलगी पसंत नाही असं समजून आमच्या आधी स्वतःच नकार कळवला. मुलगी मला आवडली होती. गावी एका दिवसासाठी यायचो, आई ताट वाढून समोर बसायची आणि तसंच उचलून न्यायची. माणूस खोलीत कोंडला तर दार तरी तोडेल. मी माझ्याच कातड्यात कोंडलो होतो.

गेल्या हिवाळ्यात अण्णा न कळवता थेरगावला आले. आईने पाठवलं असणार. पहिल्याच दिवशी मी त्यांना इंजेक्शन दाखवलं, बाटली कशी फोडायची, औषध किती ओढायचं, मांडीत बाहेरच्या बाजूला कुठे टोचायचं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. खिचडी मीच करायचो. ते ओट्याजवळ येत नसत, मिठाच्या बरणीलाही हात लावत नसत. ज्या माणसाने हजार-हजार पानं उठवली तो माझी फिकट, बेचव खिचडी मुकाट्याने खायचा. एकदा म्हणावंसं वाटलं, अण्णा, आज तुम्ही करा. पण मीच तांदूळ धुवायला घेतले. त्यांच्या हातचं खाऊन मला पुन्हा काही झालं असतं तर आमच्या दोघांचंही उरलंसुरलं संपलं असतं.

चौथ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, एकाच कुकरमधून आम्ही दोघं जेवलो. मी कुकर घासायला घेतला आणि तळहात खाजले. साबणाने असेल असं मी मनाला सांगत होतो. अण्णांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि उठले. उकळत्या तेलाची कढई उतरवणारा हात तो, जरासुद्धा थरथरला नाही. मला आडवं केलं, टोचलं, आणि काकूंना हाक मारून रिक्षा मागवली.

तासा-दीड तासाने हॉस्पिटलात जरा बोलण्याएवढा झालो. अण्णा स्टुलावर बसले होते. हळूच म्हणाले, "आज तर तूच रांधलं हुतं. मीबी त्येच खाल्लं."

मी हो म्हटलं.

"मंग माजा हात न्हवता."

"नव्हताच, अण्णा."

त्यांनी पंच्याने तोंड पुसलं, आणि ते पुसणं लवकर संपेना. माझी शेवटची भरवशाची खिचडी त्या दुपारी गेली होती. आता काय खायचं हे मला कळत नव्हतं. तरी सलाइन लागलेल्या हाताने तिथे पडून मला इतकं बरं वाटत होतं, की आतून रडू फुटत होतं. जे मी चार वर्षं तोंडाने सांगू शकलो नाही ते त्या एका झटक्याने सांगून टाकलं.

कारण अजूनही सापडलेलं नाही. रोज गोळी घेतो, डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून खिचडी पुन्हा सुरू केली, पहिला चमचा पार्किंगमध्येच खाल्ला. पूर्वी मला वाटायचं, पोटभर जेवता येतं ते घर. त्या हिशेबाने मला घरच उरत नाही. आता वाटतं, आपल्या न जेवण्याचा जिथे कुणी अर्थ लावत नाही ते घर. असं घर म्हणजे सध्या मला एकच माणूस माहीत आहे, आणि तो तुमच्या गावात राहतो.

कढया माळ्यावरून खाली आल्यात, तुम्ही बघितलंच असेल. परवा अण्णांचा फोन आला. वैशाखात आपल्या गल्लीतलं लग्न त्यांनी घेतलंय. मला वाटलं, आता जेवायला ये म्हणतील आणि माझी पंचाईत होईल.

"वाढायला मानूस कमी हाय," अण्णा म्हणाले. "सुई खिशात ठिऊन येतोस का?"

येतो म्हटलं.