दहापैकी चार शब्द

आधी क्षमा मागतो. मी लेखक नाही आणि खेळाडू तर अजिबातच नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. लिहायचं ते परीक्षेत, एवढंच मला ठाऊक. त्यात हे मी मराठीत लिहितोय, म्हणजे ज्याची खरी क्षमा मागायला हवी त्याला यातलं एक अक्षरही वाचता येणार नाही. हेच मला सोयीचं वाटतंय की काय, अशी शंका लिहायला बसल्यापासून मनात आहे.

तो माणूस हार्लेमचा. वय तेहतीस. घरांच्या छपरांवर कौलं बसवायचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात रग्बी लीग खेळायचा. नेदरलँड्समध्ये फुटबॉलपुढे या खेळाला फारसं कुणी विचारत नाही. राष्ट्रीय संघातले खेळाडूसुद्धा कुणी शिक्षक, कुणी सुतार, आपापल्या कामावरून रजा काढून खेळणारे. त्या वर्षी संघ तीन कसोट्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामने, खेळायला पार दक्षिण गोलार्धात जाणार होता. इतका मोठा दौरा त्याच्या वाट्याला आधी कधी आला नव्हता आणि वय बघता पुन्हा येणारही नव्हता.

मी तेव्हा तिथेच शरीराच्या हालचालींच्या शास्त्रात मास्टर्स करत होतो. संघाच्या फिजिओबाईंच्या हाताखाली मला प्रात्यक्षिकाचं काम मिळालं होतं. दौऱ्यावर निघण्याआधी प्रत्येक खेळाडूची डोक्याची चाचणी घ्यायची. दहा शब्द वाचून दाखवायचे, त्यातले किती आठवतात ते विचारायचं. आकडे उलटे म्हणून घ्यायचे. डोळे मिटून एका पायावर उभं करायचं. ठणठणीत असतानाचे हे गुण लिहून ठेवतात. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की तीच चाचणी पुन्हा घेतात आणि आधीच्या गुणांशी ताडून बघतात. घसरण दिसली तर खेळाडू बाहेर.

तो आला तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. फॉर्मवर त्याची जन्मतारीख लिहिताना त्याने माझी विचारली.

"एक जून," मी म्हणालो, आणि ती खरी नाही हेही सांगून टाकलं. आमच्याकडे आईबापांना तारीख सांगता आली नाही की हेडमास्तर एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये भरायची, वय बरोबर बसायचं. माझा भाऊही एक जूनचाच. मी खरं तर काही महिन्यांनी लहान होतो. हेडमास्तरांनी तसं लिहिलं असतं तर मला वर्षभर थांबावं लागलं असतं, आणि थांबलो असतो तर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलो असतो. मग कुठली शाळा!

तो मोठ्याने हसला. "म्हणजे प्रोफेसर, तुझं सगळं शिक्षण एका खोट्या तारखेवर उभं आहे!"

तो मला प्रोफेसरच म्हणायचा. मला ते आवडायचं.

मग चाचणी सुरू झाली. दहापैकी त्याला चार शब्द आठवले. आकडे उलटे म्हणताना दोनदा अडखळला. एका पायावर तर असा डुगडुगला की मी धरायला पुढे झालो.

"अहो, तुम्ही दिवसभर छपरावर चालता ना?"

"छपरावर डोळे उघडे असतात."

"पुन्हा घेऊ या का?"

"कशाला? म्हातारा झालोय. लिही चार."

बूट चढवून तो दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "लिंबू राहिलंच की रे."

लिंबू हा यादीतला सातवा शब्द होता. त्याने सांगितलेल्या चारांत तो नव्हता.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याचं हसू हळूहळू मावळलं. "माझ्या डोक्याला आधी दोनदा लागलंय," तो म्हणाला. "तिकडे थोडा धक्का बसला तरी ही मंडळी मला बसवून ठेवतील. एकच दौरा आहे, प्रोफेसर. तुझ्या हेडमास्तरांनी काय केलं असतं?"

मी चार लिहिलं.

संध्याकाळी फिजिओबाईंनी कागद चाळले. "याचे इतके कमी?"

"दमला होता," मी म्हणालो. "कामावरून थेट आला होता."

त्यांनी मान हलवली आणि सही केली. त्या रात्री मला अपराधी वाटलं असं म्हणालो तर ते खोटं होईल. उलट कुणाला तरी हात दिल्याचं समाधान वाटलं होतं.

मी झूटरमेर नावाच्या गावात एका मराठी ताईंकडे खोली घेऊन राहत होतो. त्या आयटीत होत्या. इकडची शनिवारची सकाळ म्हणजे तिकडची दुपार, त्यामुळे पहिली कसोटी मी त्यांच्या स्वयंपाकघरात, पोह्यांची बशी पुढे घेऊन फोनवर बघितली. ताई कांदा चिरता चिरता डोकावायच्या.

"कबड्डीच की ही. नुसता चेंडू दिलाय हातात."

"तसंच समजा."

"आणि तुझा माणूस कुठला?"

"तो, दाढीवाला."

दुसऱ्या सत्रात त्याने एका धिप्पाड गड्याला कमरेत धरलं. गड्याची मांडी त्याच्या कानशिलावर बसली. तो उठला. चेंडू घेऊन पुढचे खेळाडू निघूनही गेले, तरी हा तिथेच उभा.

ताईंचा हात थांबला. "अरे, हा उलट दिशेला तोंड करून का उभा आहे?"

त्याला बाहेर नेलं. पंधराएक मिनिटांनी तो परत मैदानात आला. समालोचक म्हणाला, डोक्याच्या चाचणीत पास झाला.

"बघ, आला की," ताई म्हणाल्या. "उगाच जीव टांगणीला लावलास. खा ते, गार झाले पोहे."

तो कसा पास झाला हे त्या मैदानावर कुणाला ठाऊक नव्हतं. इकडे मला ठाऊक होतं. तिथे त्याने चार-पाच शब्द सांगितले असतील, आणि कागदावर माझ्या अक्षरात चारच होते.

दुसऱ्या कसोटीला आठवडा होता. फिजिओबाईंना सगळं कळवायचं म्हणून मी रोज मेसेज लिहायचो. "आधीची नोंद बरोबर नाही." एवढं एक वाक्य पुरलं असतं. मग प्रात्यक्षिकाचे गुण आठवायचे, गुणांवर असलेली शिष्यवृत्ती आठवायची, पोरगा परदेशात शिकतो म्हणून भट्टीवर सगळ्यांना सांगणारी आई आठवायची, आणि मी ते वाक्य पुसून टाकायचो. शेवटी मी त्यालाच विचारलं, "बरे आहात ना?"

उत्तरात फक्त लिंबाचं चित्र आलं. ते बघून मला हसू आलं, हेही लिहायला हवं.

दुसऱ्या कसोटीत तो सुरुवातीपासून खेळला. मार तसा काही मोठा नव्हता. धरपकडीत नुसता खांदा डोक्याला घासला. पण तो गवतावर बसला तो बसलाच, लहान मूल रुसून बसावं तसा. फिजिओबाई धावत गेल्या. कॅमेरा दुसरीकडे वळला. ताईंनी माझ्याकडे बघितलं.

तिसऱ्या कसोटीला संघात त्याचं नाव नव्हतं. मी केलेल्या मेसेजला उत्तर आलं नाही. संघ परतला, तरी मला कुणी काही कळवलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. मध्यंतरी प्रात्यक्षिकाचे गुण कळले. चांगले होते. शेऱ्यात लिहिलं होतं की नोंदी काळजीपूर्वक ठेवल्या आहेत. आईला फोन करून गुण सांगितले, शेरा सांगितला नाही.

दोन महिने असेच गेले. एका दुपारी विद्यापीठाच्या सायकलतळावर कुलूप काढत असताना फिजिओबाईंचा फोन आला. आता सांगायचंच असं मी ठरवलं.

"मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय," मी म्हणालो.

"आधी माझं ऐक," त्या म्हणाल्या. "काल भेटले त्याला. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गरगरतं म्हणतो. छपराचं काम सुटलं कायमचं. एका दुकानात कौलं विकायला बसतो, तेही अर्धाच दिवस, उजेड सहन होत नाही म्हणून. आणि त्याने स्वतःच कबूल केलं, चाचणीत मुद्दाम चुकला होता. म्हणाला, त्या पोराला मी फसवलं, त्याला काही कळलंसुद्धा नाही, त्याला बोल लावू नका."