पिंपळावरच्या शास्त्रीबुवांची शिकवणी

तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत की साखरपुडा झाल्यावर आमच्या लग्नाला इतकी वर्षं का लागली. तुमचे आजोबा असते तर "शास्त्रीबुवांमुळे" एवढंच म्हणून त्यांनी पेपर उघडला असता. मी मात्र क्रमाने सांगते, कारण अर्धवट सांगितलं की तुमची आई मध्येच हसते आणि मग सगळंच खोटं वाटायला लागतं.

आमची चाळ काळाचौकीला. माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते, साचा म्हणजे कापड विणायचा माग. चाळीतली बहुतेक माणसं कोकणातली. पलीकडच्या रांगेत काही घरं नुकतीच दीक्षा घेतलेल्या बौद्ध मंडळींची होती. त्यातलेच एक समोरच्या खोलीतले काका. ते गोदीत कामाला होते आणि चाळीत सगळ्यांत कमी बोलत. मी चाळीतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी, विषय इंग्रजी. चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत एक पिंपळ होता आणि पिंपळावर ब्रह्मराक्षस राहत असे.

यात कोणाला काही विशेष वाटत नसे. गिरण्या यायच्या आधी तिथे वाडी होती, तेव्हाचे ते कोणी विद्वान ब्राह्मण. वाद अर्धा राहिला असताना वारले आणि झाडावर गेले. चाळ त्यांना शास्त्रीबुवा म्हणायची. स्वच्छ धूतवस्त्र, घडी घातलेलं उपरणं, तपकिरीची डबी. पावलं तेवढी उलटी होती, म्हणून खाली उतरताना ते ती उपरण्याने झाकून घेत. कधी कोणाला धरलं नाही, कोणाच्या मुलाला ताप आणला नाही. शिमग्याच्या बोंबा ऐकल्या की कानांवर हात ठेवत, इतकंच.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या सभा सुरू झाल्या. आमच्या चाळीत मोकळी जागा म्हणजे पिंपळाखालची, म्हणून सभा तिथेच. पहिल्याच सभेला आमचे वडील बाकावर चढले, "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणाले आणि पुढे त्यांच्या तोंडून अस्खलित संस्कृत यायला लागलं. वडिलांची शाळा दुसरीतच सुटलेली! डोळे मोठे करून ते समासांवर बोलत होते आणि हातांनी मला खुणावत होते की थांबव मला. लोकांना वाटलं भाषण फार वरच्या दर्जाचं आहे. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या सभेला काका उभे राहिले. म्हणाले, "आम्ही आता भुताखेतांना मानत नाही. मला काही होणार नाही." त्यांना झालं ते थोडं वेगळं. त्यांच्या तोंडून बौद्ध मताचं खंडन यायला लागलं, तेही श्लोकात. काका दोन्ही हातांनी तोंड दाबून खाली उतरले. वरून अतिशय अदबीने आवाज आला, "आता उत्तरपक्ष आपण मांडावा. मी फार काळ वाट पाहतो आहे."

काका वर न बघता म्हणाले, "आधी तू नाहीस. जो नाही त्याच्याशी वाद कसला करू?"

"वा!" शास्त्रीबुवा म्हणाले. "सुरुवात उत्तम आहे."

मोर्च्याच्या आदल्या दिवशी घोषणा ठरवायच्या तर त्याही संस्कृतात, अनुष्टुभ छंदात निघू लागल्या. असं चालणार नव्हतं. चाळीने ठरवलं, गाऱ्हाणं घालायचं.

गाऱ्हाणं तुम्ही पाहिलेलं नाही. कोकणात देवाकडे किंवा देवचाराकडे, म्हणजे गाव राखणाऱ्या भुताकडे, काही मागायचं तर सगळे जमतात, एक जाणता माणूस मोठ्याने एकेक मागणं बोलतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते विचार करून म्हणायचं नसतं. वाक्याची चाल खाली उतरली की तोंड आपोआप उघडतं. मला कॉलेजात प्राध्यापकांचं वाक्य संपलं की ओठांवर यायचं, ते मी जीभ चावून आवरायची.

आमच्या चाळीचं गाऱ्हाणं वडील घालत. त्या संध्याकाळी नारळ ठेवला, उदबत्ती लावली आणि वडिलांनी सुरू केलं.

"बा म्हाराजा, ह्या पिंपळार बसलेल्या पुरुषा! आज सगळी लेकरां तुझ्या पायाकडे इलेली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"आमचां काय चुकलां-माकलां आसात तां पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सभेत उभ्या ऱ्हवलेल्याच्या तोंडात त्याचीच भाषा ऱ्हवांदे, तुझी घालू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वडील दम घ्यायला थांबले. तेवढ्यात वरून, त्याच चालीत, पण शुद्ध भाषेत पुढचं वाक्य आलं. "आणि या चाळीतली जी शिकलेली मुलगी आहे, ती रोज दिवेलागणीला मला इंग्रजी शिकवील, महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी चाळ म्हणाली.

"आणि माझं शिक्षण पुरं झालं असं मी स्वतः म्हणेपर्यंत ती ही चाळ सोडून नांदायला जाणार नाही, महाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हणाले. खणखणीत आवाजात.

उदबत्ती विझेपर्यंत कोणाच्या काही लक्षात आलं नाही. प्रसादाचं खोबरं वाटून झालं, तेव्हा दूर भिंतीला टेकून उभे असलेले काका म्हणाले, "तुम्ही काय कबूल केलंत, ऐकलंत का?" एकटे तेच गप्प होते, त्यामुळे त्यांनी ऐकलं होतं.

वडिलांनी हातातला खोबऱ्याचा तुकडा परत ताटात ठेवला. "अरे, गे बायो, तुजो साखरपुडो झालो हा ना!"

झाला होता. तुमचे आजोबा फोर्टात एका कचेरीत कारकून होते आणि दादरला आईबरोबर राहत. दुसऱ्या दिवशी मी तडक पिंपळाखाली गेले आणि ही फसवणूक आहे असं सांगितलं. शास्त्रीबुवांना फार वाईट वाटलं.

"बाई, मी प्रत्येक शब्द स्पष्ट उच्चारला. एकही जोडाक्षर गिळलं नाही."

"पण इंग्रजी कशाला हवंय तुम्हाला?"

त्यांनी तपकिरीची डबी उघडली, बंद केली. "चाळीतली शेंबडी पोरं झाडाखाली 'गुड मॉर्निंग' म्हणून जातात. मला त्यावर काय म्हणावं ते कळत नाही. चार शास्त्रं शिकलेल्या माणसाची ही अवस्था बरी का?"

सभांच्या बाबतीत त्यांनी शब्द पाळला. वडिलांच्या तोंडून पुन्हा मालवणी येऊ लागली, मोर्चे निघाले आणि घोषणा मुक्तछंदात घुमू लागल्या. मला माझा शब्द पाळणं भाग होतं. एकदा तिथूनच लग्न उरकावं म्हणून दादरला मावशीकडे बॅग घेऊन निघाले, तर चाळीच्या फाटकाशी माझी पावलं उलटी फिरली आणि मी पाठमोरी चालत घरी आले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "काही विसरलीस का गं?"

तेव्हा रोज दिवेलागणीला पाटी घेऊन जायचं. शिष्य म्हणून त्यांच्यात दोष काढायला जागा नव्हती. वेळेवर येत, प्रश्न विचारण्याआधी परवानगी घेत. फक्त पाठांतराची त्यांची पद्धत वेदांची. पहिल्या धड्यातलं 'धिस इज अ कॅट' त्यांनी आधी सरळ म्हटलं, मग 'धिस इज, इज धिस, धिस इज अ, अ इज धिस' असं पुढेमागे गुंफत नेलं, आणि मांजरापर्यंत पोचायला संध्याकाळ गेली. चाळीतली मुलं खाली बसून तेच घोकू लागली. शाळेतून तक्रार आली.

पण बुद्धी अफाट. माझी कॉलेजची पुस्तकं त्यांनी संपवली. मोठमोठी नाटकं अंगविक्षेपांसह म्हणून दाखवू लागले, राणीचे संवाद म्हणताना उपरणं डोक्यावरून घेत. मी दर सणाला विचारायची, "शास्त्रीबुवा, झालं ना आता पुरं?"

"छे, बाई! अजून कच्चं आहे."

हे ते खोटं बोलत नव्हते. खऱ्या विद्वानाला आपलं शिक्षण पुरं झालं असं म्हणवतच नाही, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. जो माणूस मरूनही शिकायचा थांबला नाही, तो माझ्या लग्नासाठी थांबेल कशाला?

तुमचे आजोबा दर रविवारी यायचे. एकदा त्यांनी धीर केला, टाय लावला आणि झाडाखाली उभे राहून म्हणाले, "हिच्याऐवजी मी शिकवतो. मी रोज साहेबाची पत्रं लिहितो." शास्त्रीबुवांनी त्यांची परीक्षा घेतली. चार वाक्यं ऐकून माझ्याकडे वळले. "माणूस सज्जन आहे. पण यांच्या इंग्रजीला कचेरीचा वास येतो. प्रत्येक वाक्यात कोणाची तरी क्षमा मागतात."

आजोबा रडवेले झाले. चाळीच्या पायरीवर बसून मला म्हणाले, "आईने आता निर्वाणीचं सांगितलंय. या मे महिन्यात लग्न झालं नाही तर ती दुसरी मुलगी बघणार."

"आणि तुम्ही?"

"मी काय सांगणार तिला? पिंपळावरच्या विद्यार्थ्याची परीक्षा राहिलीय म्हणून?"

"मग इथे राहायला या."

"आई घरजावयाचं नाव काढलं तरी जेवत नाही."

आम्ही दोघं बराच वेळ चणे खात बसलो.

त्याच सुमारास आपलं राज्य होणार हे पक्कं झालं. चाळीने कंदील लावायला घेतले आणि राज्य होईल त्या दिवशी पिंपळाखाली आनंदाचं गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. संध्याकाळी काका आमच्या दारात आले. आत यायला सांगितलं तर उंबऱ्याशीच उभे राहिले.

"मी त्याला मानत नाही," ते वडिलांना म्हणाले. "हे आधी सांगतो. पण एक सांगू? तुम्ही सगळे 'व्हय म्हाराजा' ओरडता ना, तेव्हा तोही ओरडतो."

"खंय?" वडील म्हणाले.

"वरून. तुमच्यासोबत. होळीच्या गाऱ्हाण्यात ओरडला, गणपतीत ओरडला. तुम्हाला तुमच्याच आवाजात कळत नाही. मी गप्प असतो, मला ऐकू येतं. चांगला सुरात ओरडतो." जरा थांबून म्हणाले, "म्हणजे, असता तर ओरडला असता."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मिशीवरून हात फिरवला.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी पिंपळाला पताका लावल्या होत्या. शास्त्रीबुवा सर्वांत खालच्या फांदीवर, नवं उपरणं घेऊन. तुमचे आजोबा आले होते, आणि त्यांची आईही, मुलीकडची माणसं वेडी आहेत का ते एकदा बघून घ्यायला. वडिलांनी सुरू केलं आणि त्या दिवशी त्यांचा आवाज असा लागला की लालबागपर्यंत गेला असेल.

"बा म्हाराजा, आज आमचां राज्य झालां, तां सुखात ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गिरणीतल्या, गोदीतल्या, शेतातल्या लेकरांक बरकत येवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वडील थांबत नव्हते. पोराबाळांना, गुराढोरांना, नळाच्या पाण्याला. शास्त्रीबुवांचे डोळे मिटले होते, मान डोलत होती. मी त्या दिवशी ओठ घट्ट मिटून उभी होते, म्हणून प्रथमच त्यांचा आवाज ऐकला. खर्जातला, भरलेला, सगळ्या चाळीच्या खालून येणारा. वडिलांनी त्याच दमात पुढचं वाक्य घातलं.

"आणि ह्या पिंपळावरच्या पुरुषाचां शिक्षण आज पुरां झालां रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

फांदीवर शास्त्रीबुवांनी डोळे उघडले. 

"कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं.

"तू," काका भिंतीजवळून म्हणाले. पहिल्यांदाच वर बघून.

शास्त्रीबुवांनी चिमटीतली तपकीर परत डबीत घातली. मग मला म्हणाले, "बाई, वादाच्या नियमांत हा डाव बसत नाही. पण स्वर माझाच होता." आणि माझ्या भावी सासूबाईंकडे वळून, कमरेत वाकून, शुद्ध इंग्रजीत त्यांनी विनंती केली की मुलीला चहा जास्त साखरेचा लागतो तेवढं सांभाळावं. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण माणूस खानदानी आहे असं त्यांचं मत झालं आणि लग्न त्याच महिन्यात लागलं.

पुढे काका दर रविवारी पेपर घेऊन पिंपळाखाली बसायचे आणि "तू नाहीस" हा मुद्दा नव्याने सिद्ध करायचे. शास्त्रीबुवा खोडून काढायचे. एरवी वाऱ्याशिवायही हलणारी पिंपळाची पानं काका वारले त्या रविवारी वाऱ्यानेही हलली नाहीत.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. पिंपळ तोडायला कंत्राटदाराला माणूस मिळाला नाही, म्हणून तो पार्किंगमध्ये उभा आहे. मी गेल्या आठवड्यात जाऊन आले. शास्त्रीबुवा म्हणाले की गाड्यांतली पोरं बोलतात ते इंग्रजी त्यांना कळत नाही, माझं जुनं झालं, कोणी ताजं शिकवणारं हवं.

रविवारी मी फोनवर तुम्हाला औषधं घेतली, पाऊस नाही, मावशी बरी आहे असं सांगत होते आणि तुम्ही दोघं दुसरंच काही बघत प्रत्येक वाक्याला "हो आजी" म्हणत होतात. त्यात मी एक वाक्य घातलं की दिवाळीत येऊन तुम्ही रोज संध्याकाळी त्यांना शिकवाल. तुम्ही "हो आजी" म्हणालात, दोघंही. मी मुद्दाम फोन पार्किंगमधून लावला होता, त्यामुळे त्यांनीही ऐकलं.

परतीचं तिकीट पक्कं करू नका. झाडाखाली मुंग्या फार आहेत, पायमोजे आणा.