टाचणीबाई आणि बेशुद्ध पडणाऱ्या बायका

टाचणीबाईचं खरं नाव काय, ते नाटक कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. तोंडात सदा टाचण्या धरलेल्या. त्यांच्या फटीतून ती बोलायची, आणि ते बोलणं टाचण्यांपेक्षा टोचायचं. थिएटरच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत ती कॉर्सेट, म्हणजे नाडीनं कंबर आवळणाऱ्या ताठ चोळ्या, शिवत बसायची. दोन शिलाई मशीन, पोलादी पट्ट्यांचा डबा, कापडाचे गठ्ठे आणि एक बिनमुंडक्याचा पुतळा. माणसांपेक्षा तिला पुतळा बरा वाटायचा. "याला डोकं नाही, म्हणून हा अक्कल पाजळत नाही," असं ती येणाऱ्याच्या तोंडावर सांगायची.

आता तुम्ही म्हणाल, आजच्या काळात कॉर्सेट घालतं कोण? अहो, घालतात! नाटकातल्या नट्या घालतात. सदऱ्यावरून कॉर्सेट चढवून फोटो काढून घेणाऱ्या पोरी घालतात. दिवसभर उभं राहून पाठीचा भुगा झालेल्या दुकानातल्या बाया घालतात. पियानो वाजवणारे एक गृहस्थ कोटाच्या आत घालायचे. त्या गृहस्थांबद्दल मात्र टाचणीबाईला जरा बरं वाटायचं, कारण ते आले की माप देत आणि गप्प बसत.

बाकीच्यांचं पाऊल दारात पडायच्या आधी त्यांच्या फासळ्यांच्या ऐकीव गोष्टी आत यायच्या.

"मावशी, पूर्वीच्या बायका म्हणे कंबर बारीक करायला खालच्या फासळ्या काढून घ्यायच्या?"

"हो तर! भूल द्यायची धड सोय नाही, साध्या जखमेनं माणसं पटापट मरतायत, आणि बाई म्हणतेय, डॉक्टर, मला मेजवानीला जायचंय, तेवढ्या दोन फासळ्या काढा. अगं, तुझ्या डोक्यातून काय काढून घेतलंय ते आधी बघ!"

एकीनं म्युझियममध्ये मुठीएवढ्या कंबरेचा कॉर्सेट पाहिला होता. तिचीही धुलाई झाली. "अंगावर असताना मागं नाडीपाशी फट राहते, ती धरलीस का मापात? आणि बारकेच का उरले सांग. जे नीट बसायचे ते बायकांनी फाटेपर्यंत वापरले. कुणालाच न बसणारे पेटीत राहिले. तुझ्या कपाटात उघडून बघ, नवीकोरी काय आहेत? जी चढत नाहीत तीच ना?"

पण तिचा खरा संताप होता तो बेशुद्ध पडणाऱ्या बायकांवर. जुन्या काळच्या बायका कॉर्सेट घालून घटकेघटकेला मूर्च्छा येऊन पडायच्या, ही कथा कुणी काढली की ती मशीनचं पायडल थांबवायची. "कपडे धुणाऱ्या घालायच्या, शेतात राबणाऱ्या घालायच्या. त्या सगळ्या पडून राहिल्या असत्या तर जगाची धुणी कुणी धुतली असती, तुझ्या आजोबांनी? आवळून घेणाऱ्या होत्या चार-दोन. मूर्ख कुठल्या काळात नसतात? आजचा नमुना तर माझ्यासमोरच उभा आहे."

एवढं ऐकूनही लोक तिच्याकडेच यायचे, कारण तिचा कॉर्सेट अंगाला दुसऱ्या कातडीसारखा बसायचा. मात्र तो घेऊन जाताना बोलणी खावी लागत. कुणी पुढचा पोलादी हूक वाकवून परत आणला की संपलंच. "मागची नाडी आधी सैल करायची, मग पुढचे हूक काढायचे! दाराची कडी न काढता दार ओढतेस का घरी? आणि नवा आहे तोवर पहिले काही दिवस सैलच घाल, थोडाच वेळ. पट्ट्यांना तुझं अंग कळू दे. आत पातळ सुती बनियन घाल, घामानं कापड कुजतं. बूट आधी, कॉर्सेट नंतर, नाहीतर बुटाची नाडी बांधायला शेजारणीला बोलवावं लागेल. बसून बघ. बसता येत नसेल तर माप चुकलंय. मशीनमध्ये धुवायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसून वाऱ्यावर टाकायचा. आणि दुखलं, मुंग्या आल्या, श्वास अडला की तिथल्या तिथं काढायचा. दुखणं सोसण्यात काही शौर्य नाही, नुसता गाढवपणा आहे." ऐकणारी मान डोलवायची आणि पुढच्या महिन्यात तोच हूक वाकवून आणायची. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

अशा या बाईच्या घरात तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी राहायला होती. नाटकात काम करायचं म्हणून आलेली. चार-पाच वर्षं पोरीनं रंगमंचावर नुसतं दार उघडलं, निरोप आणले, गर्दीत उभं राहून ओरडून घेतलं. टाचणीबाईनं तिला खाऊ घातलं, तिचं भाडं घेतलं नाही, तिच्या फाटक्या चपला गुपचूप शिवून आणल्या. पण गोड शब्द? छे! कौतुकानं माणसं बिघडतात, असं तिचं पक्कं मत. ती स्वतः न बिघडता मोठी झाली होती, कारण तिचं कौतुक कुणी केलंच नव्हतं.

आणि त्या वर्षी भाचीचं नशीब उघडलं. जुन्या काळातल्या मोठ्या घरातली मालकीण, नाटकातली मुख्य भूमिका, तिला मिळाली. मिळाली कशी, तेही सांगितलं पाहिजे. आधीच्या नटीला तालमीत चक्कर आली आणि दिग्दर्शकानं त्याच दिवशी तिला घरी पाठवलं. "आजारी माणूस रंगमंचावर नको. प्रयोग बुडाला तर भरून कोण देणार?" हा त्याचा नियम. तेव्हा भाचीही चक्कर येऊन पडली तर तिचीही तीच गत, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांत जास्त माहीत होतं ते पहिल्या रांगेत बसणाऱ्या बदली नटीला. भाची बोलायला लागली की खाली या बदलीचेही ओठ हलायचे. सगळे संवाद तोंडपाठ!

हा दिग्दर्शक म्हणजे टाचणीबाईच्या मते चालता-बोलता गैरसमज. उन्हाळ्यातही गळ्यात मफलर, आणि प्रत्येक वाक्यात 'अस्सल'. त्याला पहिल्याच प्रवेशात मोलकरणीनं मालकिणीच्या पाठीत पाय रोवून नाडी खेचायला हवी होती. पुरावा म्हणून त्यानं मोबाइलमध्ये जुनं चित्र दाखवलं.

"साहेब, हे व्यंगचित्र आहे," टाचणीबाई म्हणाली. "त्या काळातही लोक बायकांच्या कपड्यांवर हसायचे. उद्या कुणी आजचं व्यंगचित्र बघून म्हणेल, यांच्या मंत्र्यांना खरोखर गाढवाचे कान होते. बाई आपली नाडी आपण ओढते. कंबरेपाशी नाडीचे दोन फासे सोडलेले असतात, ते धरायचे आणि ओढायचे. लाथ कशाला?"

"पण प्रेक्षकांना लाथ हवी असते, बाई."

"मग प्रेक्षकांनाच घाला एकेक."

लाथ कायम राहिली. वर दिग्दर्शकानं असंही सुनावलं, की तुमच्या पोलादी पिंजऱ्यांपेक्षा कारखान्यातले इलास्टिकचे स्वस्त पडतात, या नाटकापुरतं ठीक आहे, पुढचं बघू. म्हणजे टाचणीबाईची रोजीरोटीही याच नाटकाला टांगलेली. तरी तिला धास्ती नव्हती. आपलं काम बोलेल, असं तिला वाटत होतं.

रंगीत तालीम होती. सगळी कंपनी कपडे चढवून तयार, दिवे लागलेले. भाचीची नाडी टाचणीबाईनं स्वतःच्या हातानं बांधली. पहिला प्रवेश झाला, लाथही झाली. दुसऱ्या प्रवेशात मालकिणीचं लांबलचक बोलणं होतं. घर विकायला निघालेल्या नवऱ्याला ती सुनावते. भाची बोलायला लागली आणि अर्ध्यावर आली. एकदम गप्प झाली, खुर्चीची पाठ धरायला गेली, हात चुकला आणि धाडकन खाली.

"नाडी! नाडी सोडा!"

"गुदमरली बिचारी!"

"कात्री आणा, कापा तो पिंजरा!"

कात्रीचं नाव काढताच टाचणीबाई बाजूच्या पडद्याआडून अशी धावली की दोघं धडकून बाजूला झाले. तिनं भाचीला कुशीवर वळवलं आणि पाठीवरच्या नाडीखाली आपला हात घातला. सबंध पंजा आत गेला. मग तो बाहेर काढून, सगळ्यांना दिसेल असा वर धरून ती गरजली, "बघा! डोळे फुटले नसतील तर बघा! हात जातोय माझा आत, मनगटापर्यंत! कसली गुदमरतेय? दिसलं कॉर्सेट की बोंबला! चोर सोडून संन्याशाला फाशी!"

आयुष्यभर ज्या खोट्या कथेवर दातओठ खाल्ले, ती तिनं भर रंगमंचावर, दिव्यांच्या उजेडात, पन्नास माणसांसमोर आडवी केली होती. तिला इतकं बरं वाटलं, की पोरीच्या तोंडाकडे पाहायचंही तिला नंतर सुचलं. तोंड पांढरं पडलं होतं. मग घाईघाईनं नाडी पूर्ण सोडली, पाय उशीवर ठेवले, वारा घातला. पोरीनं डोळे उघडले.

दिग्दर्शक मफलर सारखा करत जवळ आला. "हात आत जातो ना? मग पडली कशानं? आजारी आहे का? मला आत्ताच्या आत्ता कळायला हवं." पहिल्या रांगेतली बदली नटी उठून उभी राहिलीसुद्धा होती.

टाचणीबाईनं भाचीला धरून मागच्या कपड्यांच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"सकाळी काय खाल्लंस?"

"काही नाही."

"काल? मी डबा दिला होता."

"तो पडद्यावाल्याला दिला."

"रोज?"

भाचीनं होकारार्थी मान हलवली.

"का गं? कुणी सांगितलं तुला उपाशी राहायला? त्या मफलरवाल्यानं? जीभ हासडते त्याची!"

"त्यानं नाही," भाची म्हणाली. "माप घेताना तू म्हणालीस. 'बाई गं, एका माणसाचं कापड धरलं होतं मी, इथं दोघांचं लागतंय.' सगळ्या हसल्या. मग मी ठरवलं, प्रयोगाच्या दिवशी तुला कापड कापून कमी करायला लागलं पाहिजे."

टाचणीबाई आठवायला लागली. कधी म्हणाले मी? तिला काही केल्या आठवेना. म्हटलंही असेल. असलं ती रोज म्हणायची, दिवसातून दहा जणींना म्हणायची. ते मनात ठेवायची वस्तू आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आपण हात वर धरून जगाला सांगत होतो, की पोरीला कुणी आवळलेलं नाही!

दारावर थाप पडली. दिग्दर्शकच होता, आणि त्याच्या पाठीमागे अर्धी कंपनी. "बोला बाई. आजारी असेल तर मला दुसरीला तयार करायला हवं. वेळ नाही."

खरं सांगावं, तर मुलगी दिवसचे दिवस उपाशी आहे. म्हणजे अशक्त, म्हणजे घरी. भाचीनं मावशीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पाच वर्षं दारं उघडून मिळवलेलं एक काम होतं ते.

"आजारी नाही ती," टाचणीबाई म्हणाली. "कॉर्सेटनं झालं. मी फार आवळला होता."

"पण तुमचा हात..."

"कुशीवर वळवताना मी हळूच नाडी ढिली केली. तुम्हाला दाखवायला. खोटं केलं मी."

मग दिग्दर्शकाच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की ते बघण्यापेक्षा टाचणीबाईनं आनंदानं मूठभर टाचण्या गिळल्या असत्या. "मी काय सांगत होतो?" तो मागं वळून कंपनीला म्हणाला. "त्या काळातल्या बायका अशाच पडायच्या. इतिहास आहे हा, इतिहास! बाई, तुमचा अनुभव मोठा, पण जरा वाचन वाढवा. मुलीला सोडा आजच्यापुरतं, उद्या दुसऱ्या प्रवेशापासून करू. आणि हे पिंजरे आता बंद. मी उद्याच इलास्टिकचे मागवतो."

"बरं, साहेब."

"पडायच्याच ना त्या बायका?"

"पडायच्या, साहेब," टाचणीबाई म्हणाली. "पटापट पडायच्या."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. ही बातमी उद्या गल्लीभर होणार, हूक वाकवणाऱ्या सगळ्या पोरींना कळणार, हे तिला दिसत होतं. तिनं दार लावून घेतलं.

"मावशी, असं का सांगितलंस? आता तुझं काम..."

"तोंड खायला वापर." तिनं आपल्या पिशवीतून पाव आणि उकडलेलं अंडं काढलं, अंडं सोलून भाचीच्या हातावर ठेवलं. "हळू. एकदम गिळू नकोस."

भाची खायला लागली. पावाचे पडलेले कणही ती वेचून खात होती. ते बघत टाचणीबाई समोरच्या स्टुलावर बसली. तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. कंबरेबद्दल, वजनाबद्दल, बुद्धीबद्दल माणसाला कसं सोलावं याची शंभर वाक्यं तिच्या जिभेवर तयार असायची. चांगलं एक सापडेना. तोंडातल्या टाचण्या अडथळा करतात असं वाटून तिनं त्या काढून टेबलावर ठेवल्या. तरी सापडेना.

"ते नवऱ्याला बोलतेस ना," ती शेवटी म्हणाली, "घर विकण्यावरून. ते मी पडद्याआडून ऐकत होते. तुझ्या कपड्याचा टाका सुटला असता तरी माझं लक्ष गेलं नसतं."

भाची चावायची थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे चांगलं करतेस."

भाची घास तोंडात तसाच ठेवून रडायला लागली, आवाज न करता. मग पालथ्या हातानं नाक पुसलं.

"परत म्हण," ती म्हणाली.

"अगं, खा की मुकाट्यानं."

"नाही. परत म्हण, मावशी."

टाचणीबाईनं घसा खाकरला, दाराकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि परत म्हटलं.