स्टेजवरची जोडी

थायलंडमधल्या आमच्या यसोथोनच्या जत्रांमध्ये सूदजाई मावशीचं गाणं म्हटलं की गर्दी उसळायची. ती आणि तिच्याबरोबर गाणारा खामफून तीस वर्षं गाण्यातून एकमेकांना चिडवत आले. लोकांना ते नवरा-बायकोच वाटत. खरं तर स्टेजवरून उतरल्यावर दोघं धड बोलतही नसत. गेल्या वर्षी खामफूनचं अर्धं अंग लुळं पडलं. त्याला बघणारं कुणी नव्हतं, म्हणून मावशीने गाणं सोडलं आणि त्याला घरी आणलं.

परवा मी पपई द्यायला गेले, तेव्हा ती त्याला पेज भरवत होती. तो अडखळत म्हणाला, "चिडव की गं, म्हातारे. गाऊन."

"दमले रे बाबा," ती म्हणाली. "आधी गीळ."

त्याने गिळली. मावशीचा मात्र वाटी हातात असतानाच डोळा लागला.