सायकल हाताने ढकलण्यास हरकत नाही

स्वतःविरुद्धचा तक्रारअर्ज हातात घेऊन तक्रारदाराच्या दारात येणारा, त्यातली चूक त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेणारा आणि वर आभार मानून परत जाणारा मनुष्य मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला: आमच्या खालच्या मजल्यावरचे चीफसाहेब. मरीन परेडच्या या कंडोमध्ये, म्हणजे फ्लॅटच्या संकुलात, मी परदेशी मुलीकडे राहायला आलो, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते आणि मॅनेजमेंटला लिहिलेली माझी पत्रे मुलीला लाज वाटावी इतकी झाली होती. मुंबईत एका विमा कंपनीच्या दावे विभागात मी चौतीस वर्षे काढली. नियम मोडलेला दिसला की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. चीफसाहेब रोज सकाळी आमच्या सहा मजली कारपार्कच्या रॅम्पवर सायकल चालवीत. वर जात, खाली येत, पुन्हा वर जात. मोटारींसाठी बांधलेल्या मार्गाचा हा उघड गैरवापर होता. मी दोन पानी अर्ज केला. मॅनेजमेंटने त्याची प्रत, कसलीही भीडभाड न ठेवता, ज्यांच्याविरुद्ध तो होता त्यांनाच पाठवून दिली.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात अर्ध्या चड्डीतले, टक्कल पडलेले, बुटके गृहस्थ उभे. 'वकीलसाहेब,' ते म्हणाले, 'दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही "अत्यंत तीव्र चढ" असं लिहिलंय. मी मोजलाय. साडेसहा अंश आहे. हे असंच ठेवलंत तर तुमची बाजू लंगडी पडेल.' मी वकील नाही, असे मी त्यांना बजावले. 'लिहिता तर तसंच,' असे म्हणून ते चहाला थांबले. त्यानंतर मी वकील नसल्याचे त्यांना अनेकदा सांगितले. शेवटी सांगायचा कंटाळा आला.

दुरुस्त केलेला अर्ज मंजूर झाला. रॅम्पच्या तोंडाशी पाटी लागली: सायकल चालवण्यास मनाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी समाधानाने गॅलरीतून खाली पाहिले, तो चीफसाहेब सायकलवरून उतरून, ती हाताने ढकलत रॅम्प चढत होते. सहाव्या मजल्यापर्यंत गेले, ढकलतच खाली आले, पुन्हा वर निघाले. मी तातडीने दुसरा अर्ज केला. मॅनेजमेंटने कळवले की मनाई चालवण्यास आहे, ढकलण्यास नाही. आणि पाटीचा मजकूर आपणच सुचवला होता. माझ्याच मसुद्याने मी हरलो. त्या दिवशी मला जो थकवा आला तो अद्याप पुरता गेलेला नाही.

या गृहस्थांना चढाचे एवढे वेड का, हे मला पुढे कळले. ते जहाजांवर चीफ इंजिनीअर होते. मूळचे अलिबागकडचे. आयुष्यातली तीस वर्षे त्यांनी इंजिनरूममध्ये, म्हणजे पाण्याच्या रेषेखाली काढली. 'सगळं जग हिंडलो, पण समुद्रसपाटीच्या खालून,' असे ते म्हणत. एकदा त्यांचे जहाज जिनोआला दुरुस्तीला लागले आणि त्यांना दोन दिवसांची सुटी मिळाली. ते आधी आगगाडीने आणि मग बसने आल्प्समधल्या एका उंच खोऱ्यात गेले. (खोऱ्याचे नाव मी येथे देत नाही; तेथील ग्रामपंचायतीशी माझा पत्रव्यवहार अजून संपलेला नाही.) तेथे त्यांनी भाड्याने माउंटन बाईक घेतली आणि वरच्या खिंडीकडे जाणारी वाट धरली. दोन तृतीयांश चढ झाल्यावर, गुरांना पाणी पिण्यासाठी ठेवलेल्या एका दगडी डोणीपाशी, त्यांचा फोन वाजला. जहाज पहाटेच सुटणार होते. ते तेथूनच मागे फिरले. खिंडीपर्यंत जायचे आणि तिच्या पलीकडे काय आहे ते पाहायचे राहून गेले. पुढे त्यांनी जहाज सोडले, इथल्याच तांजोंग पगार भागातल्या एका ऑफिसात खुर्चीवर बसले, पण ती डोण काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही.

त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर काचेखाली त्या खोऱ्याचा नकाशा पसरलेला असे. माझ्यासमोर किती वेळा तरी, 'वरणाचं भांडं हिमनदीवर ठेवू नकोस, वाट दिसत नाही,' असे ते वहिनींना म्हणाले असतील. आणि वहिनी शांतपणे, 'मग हिमनदी उचला, वरण गरम आहे,' असे उत्तर देत. खिशात चढाचा कोन मोजण्याचे एक पितळी यंत्र, जहाजाचा कल पाहायला असते तसले. ते कोठे बाहेर निघेल याचा नेम नसे. इथल्या बुओना व्हिस्टाच्या मेट्रो स्टेशनात एस्कलेटरच्या कठड्यावर ते टेकवून चीफसाहेब असे काही वाकले की मागच्या मुलीला त्यांना भोवळ आली असे वाटले. 'अंकल, यू ओके ऑर नॉट?' तिने घाबरून विचारले. चीफसाहेब सरळ झाले आणि तिच्याऐवजी मला म्हणाले, 'तीस अंश. तिथे एवढा चढ एकाच ठिकाणी आहे, गोठ्यामागे. तिथे मुकाट्याने उतरायचं.'

पण सर्वांत विलक्षण त्यांची वही. जहाजावरचा इंजिनीअर आपली पाळी संपवून उतरतो, तेव्हा आपल्या जागी येणाऱ्यासाठी तो टिपण लिहून ठेवतो: कोणता पंप कुरकुरतो, कोणता व्हॉल्व्ह अडतो, कोणत्या आवाजाला घाबरायचे आणि कोणत्या नाही. चीफसाहेबांनी त्या खोऱ्यातल्या प्रत्येक सायकलवाटेचे असे टिपण लिहिले होते. नकाशे पाहून, तेथे जाऊन आलेल्यांचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा थांबवून. 'वाट चौथी. लाकडी पुलानंतर ओली मुळे. पुढचा ब्रेक दाबू नये. गाई समोर आल्यास आपण थांबावे, त्या थांबत नाहीत.' हे वाचणार कोण, असे मी एकदा चिडून विचारले. 'येईल कोणीतरी,' ते म्हणाले. 'उतरताना लिहून ठेवायचं. पुढचा वाचतो की नाही ते आपण बघायचं नसतं.' चौतीस वर्षे पत्रे लिहिणाऱ्या माणसाला हे ऐकून बरे वाटले नाही.

मग एका वर्षी ऑफिसने त्यांच्या निवृत्तीची तारीख कळवली. डिसेंबरात इथे राहण्याचा पास संपणार, म्हणजे अलिबागला परत. गुडघेही कुरकुर करू लागले होते. जायचे तर याच उन्हाळ्यात, असे ठरले, तिकिटे काढली, आणि नंतर कळले की डोणीपासून खिंडीपर्यंतचा भाग त्या मोसमापासून सायकलींना बंद करण्यात आला आहे. वाट झिजत होती आणि पायी चालणाऱ्यांची तक्रार होती. चीफसाहेब वर आले. चहा नको म्हणाले. 'वकीलसाहेब, लिहा,' एवढेच बोलले.

मी लिहिले. नऊ पाने, तीन परिशिष्टे. मुख्य मुद्दा असा की अर्जदाराने सदर चढणीस आदेशापूर्वीच आरंभ केला असून ती केवळ नोकरीच्या कारणास्तव स्थगित झाली आहे. सबब नवा आदेश त्यांना लागू होत नाही. आजही मला तो मुद्दा बिनतोड वाटतो. तीन आठवड्यांनी दोन ओळींचे उत्तर आले: निर्णय कायम आहे. सोबत चीजच्या जत्रेचे रंगीत पत्रक. चीफसाहेबांनी ते वाचले, नीट घडी घातली आणि 'बरं' म्हणाले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी समजू शकलो असतो. त्या 'बरं'ने माझे पित्त खवळले. त्याच बैठकीत मी आयुष्यातले सर्वांत लहान पत्र लिहिले, अर्ध्या पानाचे. एखादा मनुष्य डोणीपाशी सायकलवरून उतरला आणि तेथून ती हाताने ढकलत खिंडीपर्यंत गेला, तर आपली काही हरकत आहे काय?

उत्तर आले. हरकत नाही. मात्र तेथील कारकुनाने सद्‌भावनेने पुढे लिहिले होते की वाट उभी, दगडी आणि चांगली दोन तासांची आहे. सायकल ढकलत तेथे कोणी जात नाही. मी ते मोठ्याने वाचून दाखवले. वहिनी वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'भाऊजी, त्यांना कळवा, आमच्याकडे गेली सहा वर्षं रोज हेच चाललंय.'

जुलैत दोघे गेली. दोन्ही पत्रांच्या प्रती मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या होत्या. ते दहा दिवस मला कशाविरुद्धही पत्र सुचले नाही. परत आल्यावर चीफसाहेब, मी खात नाही हे ठाऊक असूनही, चीजचा एक दगडासारखा तुकडा घेऊन वर आले.

'डोणीपाशी पाटी आहे. अगदी आपल्यासारखी,' ते म्हणाले. 'बघून बरं वाटलं. उतरलो आणि ढकलायला लागलो. आपल्यापेक्षा सोपं, वकीलसाहेब. वळणावर मोटार येत नाही.'

'पोचलात?'

'पोचलो. वर एक म्हातारा बसला होता. म्हणाला, सायकल ढकलत कशाला आणलीस? मी म्हटलं, माझ्या वकिलांचं मत आहे.'

'आणि पलीकडे काय आहे?'

'ढग होते. काहीच दिसलं नाही. अर्धा तास वाट पाहिली. खाली ही एकटी बसली होती, मग उतरलो.'

खोऱ्याला नोटीस देता येत नाही. माझा चेहरा पाहून तेच म्हणाले, 'असू द्या हो. तीस वर्षं इंजिनरूममध्ये होतो. बाहेर काय आहे ते न बघता पोचायची सवय आहे मला.'

डिसेंबरात दोघे अलिबागला गेली. हे दशकही आता सरत आले. जाताना चीफसाहेबांनी सायकल माझ्या दाराशी टेकवून ठेवली होती आणि हँडलला वही बांधलेली. आल्प्सच्या सगळ्या वाटा संपल्यावर, शेवटच्या पानावर आमचा रॅम्प होता. 'चढ साडेसहा अंश. दुसऱ्या मजल्यावर मोटारी अंधारातून येतात, भिंतीकडून जावे. सहाव्या मजल्यावर दोन टॉवरच्या मधून समुद्र दिसतो. तेथे थांबावे. घाई नसते.'

मला सायकल चालवता येत नाही. ढकलता येते. सकाळी मी तिला घेऊन निघालो की गार्ड सवयीने हात वर करतो. 'अंकल, सायकल कॅनॉट, लाह.' 'आय ॲम नॉट रायडिंग,' मी पाटीकडे बोट दाखवून म्हणतो. 'आय नो, आय नो,' तो म्हणतो. 'टुडे हाऊ मेनी टाइम्स?' बहुधा एकदाच. तेवढ्यानेही दम लागतो. वर टेकून उभा राहिलो की नांगरून पडलेली जहाजे दिसतात, ओळीने, आणि त्यांच्यात पाण्याखाली कोणी कामावर असेल, असे अलीकडे माझ्या मनात येते.

पाचव्या मजल्याच्या वळणावर हल्ली एका निळ्या मोटारीखाली तेल सांडलेले असते. पाय घसरतो. नियमानुसार हा स्पष्ट भंग आहे. मी अर्ज केलेला नाही. चीफसाहेबांच्या शेवटच्या ओळीखाली, माझ्या अक्षरात, पुढे येणाऱ्यासाठी तेवढे लिहून ठेवले आहे.